पाच दिवसांचं सामान

“काका, हल्ली परवडतं हो. कुणालाही परवडतं.”

एवढं बोलून ती गिऱ्हाईक बाई आपली बॅग ओढत निघून गेली, आणि जाता जाता माझ्या घरात काडी टाकून गेली.

मी बॅगा दुरुस्त करतो. एका इमारतीच्या जिन्याखाली माझं दुकान आहे. आत मी बसलो की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. एकतीस वर्षं झाली. लोक मला चेनवाला म्हणतात, कारण बॅगेचं पहिलं काय तुटत असेल तर चेन. जगभरच्या विमानतळांवर आपटलेल्या बॅगा माझ्यासमोर येऊन पडतात. कुठे बॅग फेकली आणि कुठे ठेवली, हे मला चाकाकडे बघून कळतं. पण मी स्वतः विमानात कधी बसलो नव्हतो आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. पाळणे बनवणारा काय पाळण्यात झोपतो?

त्या दिवशी आमची ही डबा घेऊन आली होती. ही म्हणजे माझी बायको. हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं चादरी धुते. बाईच्या बॅगेच्या चेनचा रनर बदलत होतो तोवर बाई फोन दाखवत होती. “हे बघा तिकीट. दोघं बाहेर जेवायला गेलो तर ह्याहून जास्त होतात.”

“आम्ही घरीच जेवतो,” मी म्हटलं.

बाई हसली. ही हसली नाही. बाई गेल्यावर म्हणाली, “खरंच एवढंच असतं?”

“जाहिरात असते ती.”

“ती बाई काय जाहिरात होती? चांगली हाडामांसाची होती.”

मी डबा उघडला. ही जिन्याच्या पायरीवर बसली. मग दुसरीकडे बघत म्हणाली, “आमचा बॉयलर बदलणारेत. तीन महिन्यांनी. आठ दिवस लाँड्री बंद. बावीस वर्षांत पहिल्यांदा.”

“बरं मग?”

“मला जायचंय.”

“कुठे?”

“बाहेरच्या देशात.”

“कशाला?”

“बघायला.”

“काय बघायला?”

“अहो, मी गेलेच नाही अजून, तर काय बघायचं ते कसं सांगू?”

अठ्ठावीस वर्षांत हिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणजे मागितलं असेल, मी ऐकलं नसेल. पुढे ही एवढंच म्हणाली, “नवा बॉयलर आला की सुट्टी विसरा. रिटायर होईपर्यंत माझे गुडघे राहतात की नाही कुणास ठाऊक. हे आठ दिवस गेले की गेले.”

पैसे होते. लपवत नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवले होते. तिने तीन साक्षीदार नेऊन नोंदणी केली, सगळ्यांना चहा पाजला आणि लग्न उरकलं. पैसे बँकेत तसेच. मुलगी म्हणाली, “बाबा, माझे पैसे आहेत ना ते? मग मी सांगते, आईला घेऊन जा.”

म्हणजे पैसे होते, सुट्टी होती, जाणारं माणूस तयार होतं. मग परवडतं म्हणायचं की नाही? मी साध्या मनाने हो म्हटलं आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

पहिला गोंधळ लोकांनी घातला. ज्याला सांगावं तो विचारी, “काय काम काढलंत?” काम नाही म्हटलं की, “कुणी आजारी आहे का तिकडे?” तेही नाही म्हटलं की लोक आमच्याकडे असे बघत, जणू आम्हीच आजारी. आमच्यासारख्या माणसाने परदेशात जायचं ते दुसऱ्याची भांडी घासायला, दुसऱ्याचे म्हातारे सांभाळायला, नाहीतर आपल्या कुणाचं प्रेत आणायला. मग कुणी काही म्हणत नाही, उलट निरोप द्यायला येतात. बघायला जातो म्हटलं की पोटात दुखतं.

हिचा भाऊ तर घरी येऊन बसला. “दाजी, तुम्ही शहाणे माणूस. ताईला समजवा. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने.”

ही आतून ओरडली, “अंथरुणं मी धुते रे, रोज दोनशे. किती लांब असतात ते मला नको शिकवूस.”

मेव्हणा उठला. पण चहा पिऊन गेला.

दुसरा गोंधळ तिकिटाचा. कुठे जायचं, हा प्रश्नच नव्हता. ज्या देशाचं तिकीट सगळ्यात स्वस्त तो देश आमचा सगळ्यात आवडता. मुलगी फोन घेऊन बसली. आदल्या दिवशी पाहिलेला आकडा दुसऱ्या दिवशी वर गेला.

“वाढलं, बाबा.”

“कोण वाढवतंय?”

“आपणच. आपण सारखं बघतोय म्हणून वाढतंय.”

“मग बघू नकोस.”

“न बघता घेणार कसं?”

मी एकतीस वर्षं धंदा करतोय. एक चाक बदलायचे अमुक पैसे, फळीवर लिहून ठेवलंय. गिऱ्हाईक बॅगेकडे टक लावून बघतं म्हणून मी कधी भाव वाढवला नाही. पण तिकडे तसं चालतं म्हणे. शेवटी मुलीने डोळे मिटल्यासारखं करून बटण दाबलं. मग बसायच्या जागेचे वेगळे पैसे. बॅग विमानाच्या पोटात टाकायचे वेगळे. पाणी वेगळं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी म्हटलं, “नुसतं विमानाला लोंबकळून जायचं तर किती?” मुलगी म्हणाली, “ते घेतलंय आपण.” म्हणजे प्रत्येकी एक छोटी बॅग, सात किलोची, हातात धरायची. बाकी काही नाही.

तिसरा गोंधळ व्हिसाचा, आणि ह्यात मी जो बुडालो तो अजून वर आलेलो नाही. एजंटने कागदांची यादी दिली. बँकेचं पुस्तक, दोन खोल्यांचे कागद, दुकानाचा परवाना, हिच्या नोकरीचं पत्र, लग्नाचा दाखला, मुलीच्या जन्माचा दाखला.

मी विचारलं, “मुलगी येत नाहीये.”

“म्हणूनच,” एजंट म्हणाला. “ती इथे आहे म्हणजे तुम्ही परत येणार. तुम्ही परत येणार हे दाखवावं लागतं.”

“परतीचं तिकीट काढलंय की.”

“तिकीट कुणीही काढतं हो. मनातून परत यायचंय हे दाखवावं लागतं.”

“मनातलं कागदावर कसं दाखवायचं?”

“तेच तर यादीत दिलंय.”

फॉर्मवर एक रकाना होता. तुम्ही आपल्या देशात परत का याल? मी पेन धरून बसलो. खरं सांगतो, हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. का येईन? इथे काय ठेवलंय माझं? जिन्याखालचं दुकान. लोकांचे चिखलाचे पाय डोक्यावरून जातात. पण दुसरीकडे राहायचं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, आणि ह्या फॉर्मने ते आणलं. जो नुसता बघायला निघालाय त्याला पहिल्यांदा चोर ठरवायचं आणि मग त्याच्याकडून साव असल्याचा दाखला मागायचा. आणि त्याची फी घ्यायची. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. त्या बाईला हे सगळं करावं लागलं असेल का? तिच्या बॅगेची तर फक्त चेन नादुरुस्त होती.

ही म्हणाली, “लिहा, बॉयलर सुरू होणार आहे.”

मी तेच लिहिलं. व्हिसा आला. कशामुळे आला ते विचारू नका. मला कळलेलं नाही.

मग मी बॅग करायला घेतली.

इथे मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. माझ्या हातचा चोरकप्पा ह्या भागात प्रसिद्ध आहे. बॅगेच्या तळाचं अस्तर उसवायचं, खाली दुसरा तळ बसवायचा, मधल्या पोकळीत वस्तू ठेवायची. बाहेरून हात फिरवला तरी कळत नाही. आत एक पट्टी असते, ती विशिष्ट बाजूला ओढली की तळ उघडतो. गिऱ्हाइकांनी चोऱ्यांच्या इतक्या गोष्टी सांगितल्यात की मी ज्याला त्याला चोरकप्पा करून देतो. रांगेत मागून ब्लेड मारून अस्तर फाडतात, हे ऐकल्यावर मी त्यात पत्रा घालायला लागलो. चांगला जाड, बिस्किटाच्या डब्याचा.

हिच्यासाठी मी आजवरची सगळ्यात उत्तम बॅग केली. कुणी न नेलेल्या पाच बॅगांमधली चाकं, हँडल आणि कडा निवडून घेतल्या. विमान कंपनीने दिलेली मापं टेप लावून सुताभराचीही चूक न करता बसवली. तळाला दुहेरी पत्रा. नुसती बॅगच चार किलो भरली. दोघांत मिळून ही एकच बॅग आणि हिच्या खांद्याला कापडी पिशवी. मुलगी म्हणाली, “बाबा, कपड्यांना तीन किलो उरले. नाकापेक्षा मोती जड झाला.”

“पण चोराला सापडणार नाही,” मी म्हटलं.

“चोरायला आहे काय तुमच्याकडे?”

मलाही तसं काही सुचेना. पण निघायच्या आदल्या दिवशी मेव्हणा आला. तो एकदा शेजारच्या देशात लग्नाला जाऊन आला होता, तेव्हापासून तो आमच्याकडचा जाणकार. म्हणाला, “दाजी, तिकडे उतरल्यावर पुन्हा विचारतात. परत कशावरून जाणार? तेव्हा झेरॉक्स दाखवून भागत नाही. ओरिजिनल न्या.”

म्हणून आम्ही ओरिजिनल घेतले. खोल्यांचे कागद, परवाना, दाखले, सगळं आयुष्य एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि चोरकप्प्यात ठेवून तळ बंद केला. मला हलकं वाटलं. इतक्या सुरक्षित जागी आमचं आयुष्य आजवर कधीच नव्हतं.

विमानतळावर सकाळी पोहोचलो. उड्डाणाला तीन तास होते. बॅग मशीनच्या पट्ट्यावर ठेवली आणि आम्ही पलीकडे जाऊन उभे राहिलो. बाकीच्यांच्या बॅगा आल्या. आमची आत गेली ती थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. पडद्यासमोरचा माणूस उठून उभा राहिला.

“ही बॅग कुणाची?”

“माझी,” मी अभिमानाने म्हटलं. गाढव मी.

आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. एक साहेब, एक मॅडम, एक टेबल. साहेबांनी पडद्यावरचं चित्र फिरवून दाखवलं. बॅगेच्या तळाला काळा चौकोन. त्यांच्या मशीनला सगळं दिसत होतं, हिच्या कंगव्याचे दात सुद्धा, फक्त माझ्या पत्र्याखालचं काही दिसत नव्हतं.

“हे काय आहे?”

“चोरकप्पा, साहेब.”

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. असं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नसावं.

“कुणी केला?”

“मीच. माझा धंदाच तो आहे.”

“चोरकप्प्यांचा धंदा?”

“नाही नाही, बॅगांचा. चोरकप्पा मी फुकट करून देतो.”

ही मला चिमटा काढत होती. मी म्हटलं, “मी उघडून देतो, एक पट्टी ओढायची.” पण बॅगेला हात लावू देईनात. साहेबांनी ब्लेड घेतलं आणि अस्तर फाडलं. पुढे ब्लेड पत्र्यावर कचकन अडकलं. दोनदा प्रयत्न केला, ब्लेड मोडलं. खोटं कशाला बोलू, तेवढ्यातही मला बरं वाटलं. शेवटी त्यांनी पक्कड आणवली आणि पत्रा कडेपासून पिरगाळून वर उचलला. माझी तीन आठवड्यांची मेहनत पापडासारखी वळली.

आतून प्लॅस्टिकची पिशवी निघाली. त्यातून आमचं आयुष्य निघालं. साहेब एकेक कागद वाचत गेले.

“घराचे मूळ कागद. दुकानाचा मूळ परवाना. लग्नाचा दाखला. किती दिवस चाललात?”

“पाच.”

“पाच दिवसांसाठी घराचे कागद कोण नेतं? तेही लपवून? सरळ सांगा, परत यायचं नाहीये ना?”

“साहेब, परत यायचंय म्हणूनच नेतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिकडे दाखवायला. की परत येणार आहोत.”

“परत येणारा माणूस कागद घरी ठेवतो.”

“घरी ठेवले तर तिकडे दाखवणार काय?”

साहेबांचंही बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. मग दोघं बरोबर असताना आम्ही त्या खोलीत का होतो, हे मला समजेना. बहुतेक त्यांनाही समजत नव्हतं, कारण त्यांनी पाणी मागवलं.

मॅडमनी हिला विचारलं, “तिकडे कोण आहे तुमचं?”

“कुणी नाही.”

“मग कशाला चाललाय?”

“बघायला.”

“काय?”

ही दमली होती. म्हणाली, “मॅडम, तुम्ही रोज हजारो माणसं सोडता. सगळ्यांना विचारता का, काय बघायला चाललात?”

मॅडमनी पासपोर्टचं पान उलटलं. नसतीलच विचारत. ज्याची बॅग दुकानातली असते त्याला नसतील विचारत.

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. लाँड्रीच्या मुकादमाने सांगितलं की हो, बॉयलर बदलतोय, आणि बाईंना म्हणावं गुरुवारी वेळेवर या. मुलीलाही फोन झाला. ती फोनवरूनच साहेबांना बोलली, मला ऐकू येत होतं. कागद पुन्हा तपासले, पासपोर्ट पुन्हा तपासले. दोन तास गेले. शेवटी साहेब म्हणाले, “ठीक आहे. जा. दार बंद व्हायला पंधरा मिनिटं आहेत.”

सॉरी वगैरे काही नाही. असं काही असतं हे त्यांना माहीतच नसावं.

मी बॅग बंद करायला गेलो. होईना. चौकट वाकली होती, पत्रा वर आला होता, कपडे बाहेर लोंबत होते. मी खाली फतकल मारली. पत्रा गुडघ्याखाली घेऊन सरळ करायला लागलो. “दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं. कुणाकडे पक्कड आहे का?”

“अहो, उठा,” ही म्हणाली.

“अगं, होतंय. कड बसली की चेन लागेल.”

“उठा म्हणते ना.”

“ही अशी टाकून कशी जाऊ? केवढी मेहनत आहे त्यात!”

“तुमची दहा मिनिटं मी अठ्ठावीस वर्षं बघतेय.” हिने पिशवी खांद्यावर सरकवली. “मला जायचंय. तुम्हाला बॅग नीट करायची असेल तर बसा इथे. मी चालले.”

आणि तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला ह्या वेळी नीट ऐकू आलं.

मी उठलो. हिने दोघांचा एकेक कपड्यांचा जोड ओढून खांद्याच्या पिशवीत कोंबला, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी त्यावर. मग ती फाटकी, उघडी, चार किलोची बॅग उचलून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“ही ठेवा तुमच्याकडे. पाच दिवसांनी न्यायला येते.”

“अहो बाई, असं इथे ठेवता येत नाही.”

“फाडलीत तुम्ही. आता सांभाळा तुम्ही. आणि लिहून द्या.”

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम खाली बघून हसल्या आणि त्यांनी एक पावती फाडली. वस्तू: बॅग एक, मोडलेली.

आम्ही पळालो. हिचे गुडघे, माझा दम. दार बंद करणारी मुलगी हात हलवत होती, लवकर लवकर. विमानात आम्हाला लांब लांब जागा मिळाल्या, शेजारी बसायचे पैसे भरले नव्हते. मी मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना झोपलेली माणसं. ही कुठे आहे तेही दिसेना. ढग दिसले की नाही हे उतरल्यावर विचारलं, तर म्हणाली, “पंख दिसला. त्यावर पाय देऊ नये असं बहुतेक लिहिलं होतं. कोण देणार होतं?”

तिकडे उतरलो. पुन्हा रांग. काचेमागे एक तरुण अधिकारी. मुलीने हिला त्यांच्या भाषेतले काही शब्द पाठ करून दिले होते, मला एकही आठवत नव्हता. त्याने पासपोर्ट बघितले, मग आमच्या मागे, खाली बघितलं.

“सामान?” एवढं मला कळलं.

“नाही,” ही म्हणाली.

“पाच दिवस? सामान नाही?” त्याने पाच बोटं दाखवली, कपाळावर आठी आली. झालं. तिकडे बॅग होती तर का आहे म्हणून धरलं. इकडे नाही तर का नाही म्हणून धरणार. आम्ही नेमकं काय घेऊन फिरावं अशी ह्या लोकांची इच्छा आहे, ते एकदा कुणीतरी लिहून द्यावं.

त्याने पुढचा प्रश्न विचारला. शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. परत कशावरून जाणार? मी घाईघाईने पिशवीत हात घातला. खोल्यांचे कागद, परवाना, दाखले. आता ओरिजिनल काढायचे.

हिने माझा हात धरला. काचेखालून तिने एकच कागद सरकवला. ती पावती. आणि बोटाने मागे, आम्ही आलो त्या दिशेला दाखवत दोन शब्द जुळवले.

“बॅग. तिकडे.”

त्याने पावती उलटसुलट करून पाहिली. त्याला ती वाचता येणं शक्य नव्हतं. आमचे मूळ कागद त्याने मागितले नाहीत, बँकेचं पुस्तक मागितलं नाही. शिक्के मारले, धाडधाड दोन, आणि पावती परत दिली. का मारले? मला विचारू नका. घराने, दुकानाने आणि पोटच्या मुलीने जे सिद्ध होत नव्हतं, ते मोडक्या बॅगेने कसं झालं?

पुढे गोल फिरणाऱ्या पट्ट्यावर लोकांच्या बॅगा चालल्या होत्या. मी सवयीने बघत राहिलो. तिसऱ्या बॅगेचं डावं चाक आठवड्यात जाणार होतं. निळीची चेन तर आजच. आमचं त्यात काही नव्हतं.

बाहेर आलो. चहाच्या टपरीसारखं काहीतरी होतं. पाटीवरचा आकडा मी माझ्या हिशोबात मांडला. एक कप चहा म्हणजे सहा चाकं. दोन कप घेतले तर बारा. ती बाई म्हणाली होती, कुणालाही परवडतं. मेव्हणा म्हणाला होता, आपल्याला नाही. दोघंही इथे हजर असते तर मी विचारलं असतं की बारा चाकांचा चहा प्यायचा की नाही.

“अहो, काय पुटपुटताय?”

“परवडतंय की नाही ते बघतोय.”

“मग बघा तुम्ही,” ही म्हणाली आणि पुढे निघाली. खांद्याची पिशवी माझ्याकडे होती. तिच्या दोन्ही हातांत काही नव्हतं, आणि ते तिला नीट ठेवता येत नव्हते. कधी मागे बांधी, कधी सोडी.

कोपऱ्यावर जाऊन ती थांबली. रस्ता दोन्हीकडे जात होता. मागे वळून ओरडली, “कुठल्या बाजूला?”

मला माहीत नव्हतं.